घरासाठी छोटे लेथ घेताना: आधी आटे, मग मशीन

६२०४ क्रमांकाचे बेअरिंग छोट्या मोटारींत, पंपांत आणि कितीतरी यंत्रांत सापडते. त्याचे आतले भोक २० मिमी असते. ते शाफ्टवर जागच्या जागी धरून ठेवायला केएम ४ नावाचा, कडेला खाचा असलेला गोल नट मिळतो. या नटाचे आटे एम २० × १ असतात, म्हणजे २० मिमी व्यासावर दर १ मिमीला एक आटा. दुकानात जाऊन नुसती ‘एम २० ची डाय’ मागितली तर हातात येते ती २.५ मिमी पिचची. १ मिमीची डाय मागवावी लागते, आणि मिळाली तरी हाताने फिरवताना ती किंचित तिरकी बसली की आटेही तिरके पडतात. मग नट बेअरिंगला एकाच बाजूने दाबतो. टर्नरकडे गेलात तर एका नगासाठी तो चालू काम थांबवत नाही, आणि त्याचेही बरोबर आहे. घरी एक छोटे लेथ असावे असे अनेकांना पहिल्यांदा वाटते ते अशा एखाद्या शाफ्टपायीच.

लेथ घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा विचारतो, ‘केवढ्या व्यासाचे काम बसते?’ प्रश्न चुकीचा नाही, पण पहिला नव्हे. साधे टर्निंग आणि फेसिंग कोणतेही धड लेथ करते. कस लागतो तो आटे पाडताना. कमी वेगातही मोटारीत जोर हवा, गिअर हवे तसे जुळायला हवेत, हाफ नट घट्ट बसायला हवा, हत्यार दर वेळी त्याच खोबणीत परत यायला हवे. म्हणून घेण्याआधी कागदावर एक यादी करा: मला येत्या वर्षा-दोन वर्षांत कोणते आटे पाडायचे आहेत? कोणते मशीन घ्यायचे हे बऱ्याच अंशी ती यादीच सांगते.

आधी, लेथची गरज नसलेले आटे

एम ३ ते एम १० पर्यंतच्या नेहमीच्या पिचच्या आट्यांसाठी लेथवर गिअर बदलत बसू नये. टॅप आणि डाय हेच त्यासाठी खरे हत्यार. भोकासाठी ड्रिलचे माप काढायची युक्ती सोपी आहे: व्यासातून पिच वजा करा. एम ६ ला ५ मिमी, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५. लेथचा उपयोग इथे वेगळा आहे. टॅप टेलस्टॉकमधल्या सेंटरने मागून टेकवून हाताने फिरवला, किंवा डाय टेलस्टॉकच्या होल्डरमध्ये धरली, की आटे सरळ पडतात. मोटार बंद, चक हाताने फिरवायचा.

लेथवर एकाच टोकाच्या हत्याराने आटे पाडायचे ते मोठा व्यास, बारीक किंवा वेगळी पिच, डावे आटे, किंवा आटे आणि शाफ्ट एकाच अक्षावर असण्याची सक्ती असेल तेव्हा. आपला एम २० × १ या यादीत चार कारणांपैकी तीन कारणांनी बसतो.

आत काय घडते

लेथवर काम फिरते आणि हत्यार सरकते. कामाचा एक फेरा पूर्ण होताना हत्यार जेवढे सरकेल तेवढी आट्याची पिच. हे हाताने चाक फिरवून साधत नाही. म्हणून स्पिंडलपासून गिअरांची एक माळ निघते, ती लीड स्क्रू नावाचा लांब स्क्रू फिरवते आणि हाफ नट त्या स्क्रूला दोन बाजूंनी पकडून कॅरेज ओढून नेतो. गिअर बदलले की पिच बदलली. इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्लेने १८०० च्या सुमारास हत्यार धरणारी सरकती स्लाइड, लीड स्क्रू आणि बदलते गिअर एका लोखंडी यंत्रात एकत्र आणले. आज टेबलावर मावणाऱ्या लेथमध्येही मांडणी तीच आहे.

मॉडस्लेच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचे एक प्रमाण सुचवले: कोन ५५ अंश आणि व्यासागणिक ठरलेले इंचाला आटे. मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश. भारतात मेट्रिक पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, पण घरातल्या नळाला ते कोणी सांगितले नाही. अर्धा इंची नळाचे आटे आजही बीएसपी, म्हणजे ५५ अंशांचे आणि इंचाला १४. बाहेरचा व्यास अर्धा इंच नाहीच, तो २०.९५५ मिमी. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या मोटारसायकली आणि यंत्रे उघडली तर तिथेही व्हिटवर्थचे आटे आणि त्यांची बारीक भावंडे भेटतात. सांगायचे इतकेच की आपल्याकडे दुरुस्ती करणाऱ्या माणसाला मिलिमीटर आणि इंच दोन्ही लागतात. लेथ घेताना हे डोक्यात हवे.

कोणते घ्यावे

बाजारात घरासाठी साधारण तीन वाटा आहेत.

पहिली, चिनी बनावटीचे बेंच लेथ. ‘७ × १४’ असे नाव दिसले तर पहिला आकडा बेडवरून फिरू शकणाऱ्या व्यासाचा (सुमारे १८० मिमी) आणि दुसरा दोन सेंटरमधल्या लांबीचा (सुमारे ३५० मिमी), दोन्ही इंचांत. पहिल्या आकड्याने हुरळून जाऊ नका. क्रॉस स्लाइडच्या वरून जाणारा व्यास बराच कमी असतो आणि प्रत्यक्षात लांब काम तिथूनच जाते. वजन ४० किलोच्या आसपास, दोन माणसे जिना चढवतात, घरातल्या साध्या सॉकेटवर चालते. उणीव दोन ठिकाणी: बेड हलका असल्याने खोल काप घेतला की हत्यार थरथरते, आणि गोल बटणाने वेग कमी-जास्त करणाऱ्या डीसी मोटारीचा जोर अगदी कमी वेगात ओसरतो. आटे पाडायला नेमका तोच वेग लागतो. ब्रशलेस मोटारीचे मॉडेल मिळत असेल तर जास्तीचे पैसे तिथे घाला, डिजिटल वेग दाखवणाऱ्या पट्टीवर नाही.

दुसरी वाट देशी लेथची. राजकोट, लुधियाना, बटाला इथे ती बनतात आणि फुटांत विकली जातात. ‘साडेचार फुटी’ म्हणजे बेडची लांबी तेवढी; हेडस्टॉक आणि टेलस्टॉकची जागा वजा केल्यावर कामाला उरते ती त्याहून पुष्कळ कमी. कोन पुली आणि बॅक गिअर असलेले हे लेथ दिसायला ओबडधोबड, पण बॅक गिअर टाकला की वेग उतरतो आणि जोर वाढतो. आट्यांसाठी याहून चांगले काही नाही. मात्र वजन काही शे किलो. तळमजल्यावरचे गॅरेज किंवा पत्र्याची शेड असेल तरच विचार करा. सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर ते नेऊन ठेवायची कल्पना मनात आणू नये. मोटार बहुधा थ्री फेजची असते. घरी सिंगल फेज असेल तर मोटार बदलावी लागते, किंवा सिंगल फेजवरून थ्री फेज मोटार चालवणारा व्हीएफडी बसवावा लागतो. व्हीएफडीने वेगही हवा तसा बदलता येतो, पण तो पार खाली आणला की मोटार तापते. खरे काम बॅक गिअरलाच करू द्यावे. अर्थिंग मात्र दोन्ही बाबतींत पक्के हवे.

तिसरी वाट जुन्या मशीनची. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करने १९४१ पासून लेथ बनवले, पुढे एचएमटीचेही आले. बंद पडणाऱ्या वर्कशॉपमधून अशी मशीन निघतात. लोखंड उत्तम, पण मोठी असतात आणि दशकानुदशके तीन पाळ्यांत चाललेली असू शकतात. आकार परवडत असला तरी झीज पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.

झीज पाहायला महागडी साधने लागत नाहीत. बेड सर्वांत जास्त झिजतो चकजवळ, कारण बहुतेक काम तिथेच होते. कॅरेज चकजवळ आणून त्याच्या गिब पट्ट्या घट्ट करा, जेमतेम सरकेल इतक्या. मग कॅरेज टेलस्टॉककडे न्या. मध्येच अडकले, तर चकजवळची झीज तुम्ही पट्ट्यांनी भरून काढली होती आणि न झिजलेल्या भागात ते मावत नाही. लीड स्क्रूचेही तेच: चकजवळचे आटे आणि टोकाचे आटे नजरेने ताडून पाहा. चकजवळचे धारदार, पातळ दिसत असतील तर स्क्रू झिजला आहे. हाफ नट बंद करून कॅरेज हाताने पुढे-मागे ढकला. थोडी मोकळीक चालते, खडखडाट चालत नाही. चकमध्ये जाड बार धरून तो वर-खाली हलवा आणि डायल गेजवर स्पिंडलची ढील बघा. थ्री जॉ चकमध्ये धरलेला बार ०.०५ मिमीने डुलला तर नाउमेद होऊ नका; त्या चकचा तो स्वभाव असतो. स्पिंडलच्या आतल्या टेपरवर गेज लावून ०.०१ मिमीच्या आसपास डुलणे दिसले तर स्पिंडल चांगला.

शेवटी चार गोष्टी विचारा, ज्या विकणारा स्वतःहून सांगत नाही. बदलायचे गिअर सगळे आहेत का आणि १२७ दातांचा त्यांत आहे का? लीड स्क्रू मिलिमीटरचा की इंचाचा? लीड स्क्रू उलटा फिरवायची सोय आहे का? (सायकलच्या डाव्या पेडलचे आटे डावे असतात, ते या सोयीशिवाय पडत नाहीत.) आणि चक स्पिंडलला बोल्टने बसतो की आट्यांनी? आट्यांनी बसणारा चक उलट्या दिशेने जोरात फिरवला तर सुटून येऊ शकतो. कितीही सवयीचा हात असला तरी सुटलेल्या चकपुढे तो काही करू शकत नाही.

स्पिंडलच्या भोकाबद्दल एक जाता जाता. छोट्या बेंच लेथमध्ये ते साधारण २० मिमी असते, आणि २० मिमीच्या भोकातून २० मिमीचा बार जात नाही. २५ मिमीच्या बारमधून शाफ्ट काढायचा असेल तर तो लांबीला कापून चक आणि सेंटरमध्येच धरावा लागेल.

गिअरचे गणित

सूत्र एकच: हवी ती पिच भागिले लीड स्क्रूची पिच. आलेल्या अपूर्णांकाचा अंश स्पिंडलच्या बाजूच्या गिअरचे दात, छेद लीड स्क्रूवरच्या गिअरचे दात.

समजा लीड स्क्रू १.५ मिमीचा आहे, जो मेट्रिक बेंच लेथवर नेहमी आढळतो. १ मिमी पिच हवी. १ भागिले १.५ म्हणजे दोन तृतीयांश. ४० दातांचा गिअर स्पिंडलच्या बाजूला, ६० चा लीड स्क्रूवर, मध्ये अंतर भरायला कोणताही गिअर. मधल्या एकट्या गिअरने प्रमाण बदलत नाही, फक्त फिरण्याची दिशा बदलते. १.२५ मिमीसाठी ५० आणि ६०. १.७५ साठी ३५ आणि ३०.

इंचाचे आटे पाडायचे तर १२७ मध्ये येतो, कारण इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी आणि त्याच्या पाचपट १२७. इंचाला २० आटे म्हणजे पिच १.२७ मिमी, आणि १.२७ भागिले १.५ म्हणजे १२७ भागिले १५०. हा गिअर नसेल तर? बेंच लेथच्या संचात बहुधा ५५ आणि ६५ असतात. ५५ भागिले ६५ गुणिले १.५ म्हणजे १.२६९२ मिमी. एका इंचाच्या लांबीवर फरक सुमारे ०.०१५ मिमी पडतो. अर्ध्या इंचाच्या नटात तो जाणवतही नाही. पण हाच स्क्रू मोजमापासाठी, म्हणजे स्लाइड सरकवण्यासाठी वापरणार असाल तर ही तडजोड करू नका. चूक दर इंचाला साठत जाते.

हाफ नट उघडायचा की नाही हेही याच गणितातून कळते. लीड स्क्रूच्या पिचला हवी ती पिच पूर्ण भाग देत असेल (१.५ च्या स्क्रूवर ०.५, ०.७५ किंवा १.५) तर हाफ नट कुठेही बंद करा, हत्यार त्याच खोबणीत येईल. इतर पिचसाठी थ्रेडिंग डायल बघून ठरावीक रेघेवरच बंद करावा लागतो. आणि मेट्रिक स्क्रूवर इंचाचे किंवा इंचाच्या स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना सरळ नियम पाळा: पहिल्या कापापासून शेवटपर्यंत हाफ नट उघडायचाच नाही. हत्यार बाहेर काढायचे, मोटार थांबवायची, उलटी फिरवून मागे यायचे. वेळ लागतो, पण आटे वाचतात. नवशिक्याने सगळ्याच आट्यांसाठी हीच सवय लावली तर माझ्या मते उत्तम.

एम २० × १, सुरुवातीपासून

सर्वात आधी केएम ४ नट विकत आणा. तोच तुमचा गेज. नट हातात नसताना आटे पाडणे म्हणजे कुलूप न बघता किल्ली घासणे.

माल म्हणून बांधकामाची टीएमटी सळई घेऊ नका. ती गोल नसते, पृष्ठभागाला कडक असते आणि हत्याराची धार खाते. ईएन १ए हा सहज कापला जाणारा बार शिकायला चांगला. शाफ्टला ताकद हवी असेल तर ईएन ८. पहिला प्रयोग पितळेच्या तुकड्यावर केलात तर चूक स्वस्तात होईल.

शाफ्टवर बेअरिंगची जागा २० मिमीला आणा. आट्यांचा भाग मात्र १९.९ मिमीला उतरवा. कारण उघड आहे, बेअरिंगला त्या आट्यांवरूनच जागेवर जायचे आहे. पूर्ण २० ठेवलात तर पाडलेल्या आट्यांची कड किंचित फुगते आणि बेअरिंग तिथेच अडते. ईएन १ए वर साध्या एचएसएस हत्याराने हे टर्निंग ४०० फेऱ्यांच्या आसपास करता येते. आट्यांच्या शेवटी, बेअरिंगच्या जागेला लागून, सुमारे २ मिमी रुंद आणि १८.४ मिमी व्यासापर्यंत खोल खाच काढा. हत्याराला थांबायची जागा ती. टोकाला ४५ अंशांची छोटी चेंफर द्या.

आता हत्यार. एचएसएसचा तुकडा ग्राइंडरवर ६० अंशांना घासून सेंटर गेजच्या खाचेत ताडून पाहा. उजेडासमोर धरल्यावर फट दिसता कामा नये. धारेखालची बाजू आतल्या बाजूला तिरपी हवी, डाव्या अंगाला थोडी जास्त, नाहीतर हत्यार कापण्याऐवजी घासते. टोकाची अणी दगडावर हलकेच मारा, अगदी सुईसारखी ठेवलीत तर पहिल्याच कापात तुटेल. टूल पोस्टमध्ये हत्याराची उंची सेंटरला आणा. यासाठी जुनी युक्ती आहे: पोलादी फुटपट्टी हत्याराचे टोक आणि गोल बार यांच्यात हलकेच दाबा. पट्टी उभी राहिली तर उंची बरोबर, वरचे टोक तुमच्याकडे झुकले तर हत्यार खाली आहे. मग सेंटर गेज शाफ्टला चिकटवून हत्यार काटकोनात लावा.

कंपाउंड स्लाइड २९.५ अंशांना वळवा आणि काप तिच्याच चाकाने द्या. असे केल्याने हत्याराची मुख्यतः एकच बाजू कापते, चिप सुटी होऊन येते आणि हलक्या मशीनवर थरथर कमी होते. स्लाइडवरच्या अंशांच्या रेघा कुठल्या टोकापासून मोजल्या आहेत हे मशीनगणिक बदलते. क्रॉस स्लाइडच्या दिशेपासून २९.५ हवेत, बेडच्या दिशेपासून नाही. १ मिमीसारख्या बारीक पिचला सरळ आत गेलात तरी चालते, पण सवय पुढे उपयोगी पडते.

वेग ८० ते १०० फेरे. १०० फेऱ्यांना १ मिमी पिचवर हत्यार सेकंदाला सुमारे पावणेदोन मिमी सरकते, म्हणजे १२ मिमीच्या आट्याला सात सेकंद. यात थांबवायला वेळ मिळतो. ३०० फेऱ्यांना तीच लांबी अडीच सेकंदांत संपते आणि हत्यार बेअरिंगच्या खांद्यावर आदळते. दिवसभर खपून काढलेला शाफ्ट त्या एका क्षणात भंगारात जातो. तुमची मोटार इतक्या हळू दमदारपणे फिरत नसेल तर स्पिंडलच्या मागच्या भोकात घट्ट बसणारे हँडल बनवा आणि प्लग काढून चक हाताने फिरवा. कोणी हसले तर हसू द्या. खांद्यापर्यंत जाणाऱ्या आट्यांसाठी घरच्या लेथवर याहून सुरक्षित उपाय नाही.

हत्यार कामाला हलकेच टेकवा आणि दोन्ही डायल शून्यावर आणा. बाहेर या, ०.०३ मिमी काप द्या, हाफ नट बंद करा आणि नुसती रेघ ओढा. थांबा. व्हर्नियरने दहा आट्यांचे अंतर मोजा. १० मिमी यायला हवे. ६.७ किंवा १५ आले तर गिअर चुकले आहेत, आणि इथवर काहीच बिघडलेले नाही. हे मोजणे वगळणारे शाफ्ट पूर्ण कापल्यावर चूक शोधतात.

यापुढे क्रम एकच. काप संपताच क्रॉस स्लाइड एक पूर्ण फेरा बाहेर, मोटार थांबवा, उलटी करून मागे या, क्रॉस स्लाइड परत शून्यावर, कंपाउंडने नवा काप. डीसी मोटारीची दिशा ती पूर्ण थांबल्यावरच बदला. क्रॉस स्लाइड शून्यावर आणताना नेहमी आतल्या दिशेने फिरवत थांबवा. शून्य ओलांडून मागे आलात तर स्क्रूची ढील मध्ये येते आणि हत्यार दुसऱ्याच खोलीवर बसते. पोलादाला कटिंग ऑइल ब्रशने लावत राहा, ॲल्युमिनियमला रॉकेल, पितळ कोरडेच. पहिले काप ०.१५ मिमीचे, मग ०.१, आणि शेवटी ०.०५ किंवा त्याहूनही कमी.

खोली किती? मेट्रिक बाहेरच्या आट्यांसाठी पुस्तकी आकडा पिचच्या ०.६१३ पट, म्हणजे इथे ०.६१ मिमी. हत्याराची अणी टोकदार असेल तर ०.७ मिमीपर्यंत जावे लागते, कारण टोकदार खोबण तेवढीच रुंद व्हायला जास्त खोल जावी लागते. कंपाउंड तिरपी असल्याने तिच्या डायलवर हेच ०.७ ते ०.८ दिसेल. आकड्यावर विसंबू नका. ०.५५ मिमीपासून दर कापानंतर आट्यांवरची बर ब्रशने झाडून नट लावून बघा. शाफ्ट चकमधून काढायचा नाही. नट पहिल्या आट्यावर बसून अडला की तोच काप न वाढवता दोनदा फिरवा. हत्यार आणि काम दोन्ही थोडे वाकलेले असतात. ते सरळ होताना एक-दोन शतांश मिमी आपोआप कापले जाते. बहुतेक वेळा नट तिथेच चालू लागतो. हाताने शेवटपर्यंत जावा, पण हलवल्यावर डुलू नये.

हे सगळे करताना बाही कोपरापर्यंत वर, अंगठी आणि घड्याळ काढलेले, ओढणी किंवा सैल कपडा नको, केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा. हातमोजे घालू नका. फिरता चक मोजा पकडतो आणि हातही सोडत नाही. चकची चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही, ती काढूनच हात सोडायचा. चिप्सचे भेंडोळे मशीन बंद करून आकड्याने ओढा.

मध्येच गडबड झाली तर

हत्याराची अणी तुटली, वीज गेली आणि घाईत हाफ नट उघडला गेला, किंवा नट बसत नाही म्हणून शाफ्ट चकमधून काढला: अशा वेळी आटे टाकून द्यायची गरज नसते. शाफ्ट परत धरून तो डुलत नाही ना हे आधी डायल गेजने पाहा. थ्री जॉ चकमध्ये तो पूर्वीच्या जागी परत बसेलच असे नाही; फोर जॉ चकमध्ये किंवा दोन सेंटरमध्ये धरलेले काम यासाठीच बरे. मग हत्यार कामाला न लावता हाफ नट बंद करा आणि चक नेहमीच्या दिशेने हाताने फिरवत कॅरेज आट्यांच्या मध्यावर आणा, म्हणजे गिअरांची ढील एका बाजूला जाते. चक आता तसाच ठेवायचा. कंपाउंड आणि क्रॉस स्लाइड दोन्ही वापरून हत्याराचे टोक खोबणीत अचूक बसवा. पांढरा कागद खाली धरला आणि भिंगातून पाहिले तर दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का ते कळते. त्या जागेवर दोन्ही डायल पुन्हा शून्य करा, बाहेर या, आणि पुढचा काप ०.०२ मिमीचा द्या. चकाकी खोबणीच्या दोन्ही उतारांवर सारखी दिसली तर आटा परत सापडला. एकाच उतारावर दिसली तर कंपाउंड केसभर सरकवून पुन्हा पाहा.